ग्राऊजच्या मागे जाणाऱ्याने आधी ॲस्पेन ओळखावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला अमेरिकेतल्या शिकारीवरचा लेख वाचला. ग्राऊज हा कोंबडीसारखा रानपक्षी मारणं हा तिथल्या धनिकांचा शौक आहे आणि दुकानात परवाना फाडून घेतला की कुणीही बंदूक खांद्याला लावून निघू शकतो, असा त्याचा सूर आहे. दोन्ही विधानं अर्धवट आहेत. मी उत्तर मिनेसोटात डुलुथला राहते, पगारावर घर चालवते आणि दर वर्षी पानं पिवळी पडू लागली की ग्राऊजच्या मागे रानात जाते. म्हणून हे पत्र.

लेखकाची गल्लत कुठे झाली असावी ते कळतं. स्कॉटलंड आणि यॉर्कशरच्या माळांवर रेड ग्राऊज असतो. तिथे १२ ऑगस्टला हंगाम उघडतो, हाकारे पक्षी उठवत आणतात आणि आडोशामागे उभे असलेले पाहुणे भरपूर पैसे मोजून ते टिपतात. तो खर्च ऐकून माझ्यासारखीने कानाला हातच लावावेत. आमच्याकडचा रफ्ड ग्राऊज निराळा. कोंबडी, तित्तर, मोर यांच्याच कुळातला, तलंगेएवढा, अर्धा ते पाऊण किलोचा. मानेला काळ्या पिसांचा झुबका, पंख्यासारखी शेपटी आणि शेपटीच्या कडेलगत गडद पट्टा. हा राहतो दाट झाडीत, बहुतेक वेळा एकटा. त्याला कुणी हाकत आणून देत नाही, आपणच पाय तुडवायचे. आणि ते रान सगळ्यांचं असतं. सुपीरियर नॅशनल फॉरेस्ट हे संघीय सरकारचं वन १९०९ पासून आहे, चिपेवा हे तसंच दुसरं वन त्याच्या एक वर्ष आधीपासून. शिवाय राज्याची आणि काउंटीची वनं. तिथे शिकारीला जायला कुणा जमीनदाराची मिनतवारी करावी लागत नाही.

लेख घरच्या ग्रुपवर फिरला आणि मिनियापोलिसला शिकायला आलेल्या माझ्या भाच्याचा निरोप आला, ‘आत्या, बंदूक कुठली घेऊ?’ त्याच्यासारखी बरीच मुलं इथे आहेत आणि त्यांचे आईवडील आपला पेपर वाचतात, म्हणून त्याला दिलेलं उत्तर इथेही लिहिते. बंदूक कुठलीच नाही, निदान आत्ता तरी नाही. विद्यार्थी म्हणून किंवा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूकही बाळगता येत नाही आणि काडतूसही. ग्रीन कार्डवाल्याला ही अडचण नाही. व्हिसावाल्यांसाठी मोजके अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे शिकारीचा वैध परवाना जवळ असणं. तेव्हा आधी परवाना, मग बंदुकीला हात. हा क्रम चुकला तर तो साधा दंड भरून सुटण्याचा मामला नाही, शिक्षणापासून नोकरीपर्यंत सगळंच पाण्यात जाऊ शकतं. मी वकील नाही. इमिग्रेशनच्या वकिलाला गाठ, फी दे, त्याच्याकडून लेखी घे आणि मग मला फोन कर, असं मी त्याला कळवलं. तो हिरमुसला, पण हिरमुसू दे.

परवाना दुकानाच्या काउंटरवर पाच मिनिटांत मिळतो हे लेखकाचं म्हणणं खरं आहे. त्याआधी काय लागतं ते मात्र लेखात आलंच नाही. ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्याला मिनेसोटात बंदुकीने शिकार करण्याचा परवाना हवा असेल तर आधी सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. प्रौढांना हा अभ्यास ऑनलाइन करता येतो. मी मुद्दाम वर्गात बसले. शिकवणारे सगळे स्वयंसेवक, बहुतेक निवृत्त, आणि शेजारच्या बाकांवर अकरा-बारा वर्षांची पोरं. पहिल्या दिवशी मास्तरांनी एक रिकामी बंदूक एकेकाच्या हातात दिली आणि काही न बोलता बघत राहिले. घेणाऱ्याने नळीचं तोंड कुठे वळवलं, बोट चापाबाहेर ठेवलं का आणि सगळ्यात आधी बंदूक उघडून ती रिकामी असल्याची खात्री केली का, एवढंच ते पाहत होते. देणाऱ्याने ‘रिकामी आहे’ म्हटलं तरी आपण उघडून बघायचं. एका मुलीने स्वतः मास्तरांकडून बंदूक परत घेतानाही ती पुन्हा उघडली, तेव्हा म्हातारा पहिल्यांदा हसला. मग कुंपण ओलांडायची रीत शिकवली. बंदूक रिकामी करायची, तारेखालून पलीकडे आडवी ठेवायची, आपण वेगळ्या जागेवरून ओलांडायचं. हे सगळं पोरखेळ वाटतं, पण ओल्या ओंडक्यावरून पाय घसरतो तेव्हा कामाला येतं ते हेच.

आता खरी गोष्ट, म्हणजे रान. नवखी माणसं महिनोन्महिने बंदुकांची पत्रकं चाळतात आणि झाडं मात्र ओळखत नाहीत. ग्राऊजचं सगळं आयुष्य ॲस्पेन नावाच्या झाडाभोवती फिरतं. पांढुरकं खोड, वाऱ्याची झुळूक आली की सळसळणारी गोल पानं. हे झाड तोडलं की मुळांतून शेकडो धुमारे फुटतात आणि काही वर्षांत मनगटाएवढ्या खोडांची अशी गचपण तयार होते की आडवं होऊन शिरावं लागतं. मिनेसोटा विद्यापीठाच्या क्लोके इथल्या वनकेंद्रात गॉर्डन गलियन या संशोधकाने अनेक वर्षं ग्राऊजचा अभ्यास केला आणि दाखवून दिलं की या पक्ष्याला एकाच वयाचा ॲस्पेन पुरत नाही. पिल्लांना कोवळी दाट वाढ लागते, मोठ्या पक्ष्यांना ससाण्यापासून लपायला थोडी जुनी पण दाट झाडी लागते आणि हिवाळ्यात कळ्या खायला पोक्त झाडं लागतात. हे तिन्ही जिथे जवळजवळ असतं तिथे पक्षी. म्हणून मी भाच्याला सांगितलं, या वसंतात आणि उन्हाळ्यात नुसता चाल. एप्रिलच्या पहाटे ओंडक्यावर उभा राहून नर पंख हवेत मारतो. सुरुवातीला सावकाश, मग वेग वाढत वाढत नुसती घरघर उरते. तो आवाज कानापेक्षा छातीत आधी जाणवतो. राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं १९४९ पासून वसंतात ठरलेल्या वाटांवर थांबून हे आवाज मोजत आलं आहे. आपणही मोजावेत, जागा कळतात.

हंगाम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो आणि नव्या वर्षाच्या तोंडाशी संपतो, पण सुरुवातीच्या आठवड्यांत पानं झाडावरच असतात आणि पक्षी उडाल्याचं फक्त ऐकू येतं. पानं गळाल्यावरचा ऑक्टोबर हा खरा महिना. जुन्या लाकूडतोडीच्या वाटा, जिथे दोन्ही कडांना काहीबाही माजलेलं असतं आणि मधे क्लोव्हर नावाचं तीन-तीन पानांचं गवतासारखं रोप उगवलेलं असतं, तिथून चालायचं. कुत्रा नसेल तरी बिघडत नाही, माझ्याकडेही नाही. वीस-तीस पावलं चालायचं आणि थांबायचं. चांगलं अर्धा-एक मिनिट थांबायचं. माणूस चालत राहिला तर ग्राऊज त्याला जाऊ देतो. माणूस थांबला की आपण सापडलो असं त्याला वाटतं आणि तो उठतो. हा उठतो तेव्हा जो धडाका होतो त्याची सवय कधीच होत नाही. आवाज येतो डावीकडून, मान वळेपर्यंत दोन झाडांच्या फटीतून करडी रेघ गेलेली असते. त्या क्षणात बंदूक खांद्याला आली तर ठीक, नाही आली तर त्याला जाऊ द्यायचं. तो फार लांब जात नाही. कुठल्या दिशेला वळला ते लक्षात ठेवून सावकाश मागे जायचं, दुसऱ्यांदा संधी मिळू शकते.

बंदुकीचं एका परिच्छेदात उरकते. हलकी हवी, कारण दिवसभर ती हातात असते आणि क्वचितच झाडली जाते. २० गेज, म्हणजे नेहमीच्या १२ गेजपेक्षा बारीक नळीची, पुरते. नळीचं तोंड मोकळं, म्हणजे चोक (तोंडाशी नळीचा आवळलेला भाग) कमीत कमी, कारण पक्षी वीस-पंचवीस यार्डांच्या आतच असतो आणि छर्रे लवकर पसरायला हवेत. साडेसात किंवा आठ नंबरचा, म्हणजे बारीक छर्रा. क्ले टारगेटवर, म्हणजे हवेत फेकलेल्या मातीच्या चकत्यांवर, उन्हाळ्यात सराव करावा, पण बंदूक खांद्याला लावून ठेवून नव्हे, रानात असते तशी खाली धरून. दुकानदार याहून बरंच काही विकू पाहतो.

कपड्यांत एक गोष्ट कायद्याने सक्तीची. कमरेच्या वर किमान एक कपडा भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी. नोव्हेंबरात हरणांची बंदुकीची शिकार सुरू झाली की टोपीसकट कमरेवरचे बाहेरचे कपडे तसेच लागतात. मी त्या दिवसांत घरीच बसते. टोपीचा आणखी एक उपयोग सांगते. पक्षी पडला की धावत सुटायचं नाही. जिथून बार काढला तिथल्या फांदीवर टोपी अडकवायची, पडल्याची जागा एखाद्या झाडाशी पक्की करायची आणि मग जायचं. पाचोळ्याच्या रंगाचा पक्षी पाचोळ्यात पडला की दोन हातांवरून दिसत नाही, आणि परत येऊन बघायला खूण नसेल तर माणूस गोल गोल फिरत राहतो. मारलेला पक्षी रानात सोडून येणं मला सहन होत नाही, मग अंधार पडेपर्यंत गुडघ्यांवर शोधावं लागलं तरी चालेल. पायजमा मोज्यात खोचावा आणि घरी आल्यावर अंग तपासावं. इथल्या गोचिडीमुळे लाइम रोग होतो आणि थंडीची चाहूल लागली तरी गोचिडी फिरत असतात.

पक्षी हाती आला की मी आधी त्याच्या गळ्याजवळची चाऱ्याची पिशवी उघडते. कधी क्लोव्हरची हिरवीगार पानं, एकावर एक घडी घातल्यासारखी. कधी हेझलच्या झुडपाच्या तुऱ्यांचे तुकडे, कधी लाल बोरं. उद्या कुठल्या कडेने चालायचं ते त्या पिशवीत लिहिलेलं असतं. पाठीच्या बुडाशी एक पीस उपटून बघितलं तर त्यावर पांढरे ठिपके दिसतात. एकच असेल तर बहुधा मादी, दोन किंवा जास्त असतील तर नर. मांस पांढरं, कोंबडीपेक्षा कोरडं. त्याला आपला मसाला लावून त्याची माती करू नये. तुपावर, मीठ-मिरपूड, मंद आच. हे वाचून माझ्या बहिणीला वाईट वाटेल, पण मसाल्याचं मटण वेगळं आणि हे वेगळं.

दिवसाला पाच पक्ष्यांची मर्यादा आहे. ती गाठायची वेळ माझ्यावर येत नाही, बहुतेकदा हात हलवत परत येते. मग मारायचंच कशाला, असं आपल्या वाचकांपैकी बरेच जण विचारतील. ज्यांना मांस खाणंच मान्य नाही त्यांच्याशी माझा वाद नाही, त्यांचं म्हणणं सरळ आहे. पण शिकारी आहेत म्हणून पक्षी संपतात हे या पक्ष्याच्या बाबतीत खरं नाही. इथे त्याची संख्या साधारण दहा वर्षांच्या फेऱ्यात चढते-उतरते. तो खरोखर कमी होतो जंगल म्हातारं झाल्यावर. इंडियानात झाडी जुनी होत गेली, कोवळी वाढ संपली. तिथली ग्राऊजची शिकार २०१५ मध्ये बंद झाली, तरी २०२० मध्ये त्याला राज्याच्या संकटग्रस्त यादीत टाकावं लागलं. दुसरीकडे लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे तो पैसा राज्यांकडे वन्यजीवांच्या कामासाठी जातो. परवान्यांची फीही याच कामी येते. लेखात यातलं काही असतं तर बरं झालं असतं. आणि इथली कथा वाचून कुणी गावाकडे तित्तरामागे निघणार असेल तर त्याने १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आधी वाचावा. तिथे हे चालत नाही आणि चालू नये.

एक दुरुस्ती राहिली. लेखासोबत ग्राऊज म्हणून छापलेलं छायाचित्र लाल गालांच्या, मानेत पांढरं कडं असलेल्या, लांब शेपटीच्या फेझंटच्या नराचं आहे. तो मूळचा आशियातला, १८८१ मध्ये ओरेगनात आणून सोडलेला. मिनेसोटात त्याच्यासाठी परवान्यावर वेगळा स्टॅम्प लागतो आणि त्याच्या मादीवर बंदूक चालवता येत नाही. ग्राऊजमध्येही अशीच गोम आहे. स्प्रूस ग्राऊज ही दुसरी जात मारलेली मिनेसोटात चालते, सीमेपलीकडे विस्कॉन्सिनमध्ये ती संरक्षित आहे. पुढच्या रविवारी योग्य चित्र छापावं ही विनंती. शेपटी उलगडलेली असलेलं चित्र निवडलंत तर ओळखायला सोपं जाईल.

आपली,
एक नियमित वाचक
डुलुथ, मिनेसोटा