आठवड्यापुरते ठरवून वाचायला शिकवणाऱ्या बाईंना आभारपत्र

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आपल्या सत्काराचा विषय निघाला, तेव्हा शाल-श्रीफळ नको आणि भाषणेही नकोत, असे आपण स्पष्टपणे सांगितले. समितीने आपल्या शब्दाचा मान राखला. मात्र निवृत्तीनंतर आमच्या वाडीवरच्या शाळेत येऊन आपण वर्षभर जे काम केले ते नेमके कसे केले, हे कुठेतरी लिहिलेले असावे, म्हणजे तालुक्यातील इतर वर्गशिक्षकांनाही ते वापरता येईल, असे मला मनापासून वाटते. त्यामुळे हे आभारपत्र जाहीरपणे लिहीत आहे; त्याबद्दल आपण रागावणार नाही अशी आशा आहे.

पारनेर तालुक्यातील आमच्यासारख्या द्विशिक्षकी शाळेची अडचण आपल्याला नव्याने सांगायला नको. एकाच खोलीत तिसरी आणि चौथी बसते, काही मुलांची मेंढपाळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कळपांसह कोकणाच्या वाटेला लागतात, आणि मूल परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. अशी मुले चौथीत येतात ती 'घर', 'नळ', 'बदक' सहज वाचतात, पण 'प्रकाश' किंवा 'सूर्य' या शब्दापाशी थांबतात. एकेक अक्षर लावत ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत ओळीची सुरुवात त्यांच्या मनातून गेलेली असते.

अशा मुलांसाठी लक्ष्ये नाहीत असे नाही. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे, असे ठरवले आहे. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द अर्थासह वाचणे, असे त्याचे मापही दिले आहे. शिक्षकाला, शाळांच्या केंद्राला आणि तालुक्याला असे माप हवेच. पण जोडाक्षरापाशी अडलेल्या दहा वर्षांच्या मुलाला ६० या आकड्यातून आपण फार मागे आहोत एवढेच समजते. उद्या सकाळी वही उघडून काय करायचे, ते त्यातून समजत नाही. शासनाचे लक्ष्य आणि मुलाची उद्याची सकाळ यांच्यामधले हे अंतर आपण भरून काढले, आणि त्याबद्दलच मी आपले आभार मानत आहे.

सुरुवातीला आपण काहीच शिकवले नाही. व्हरांड्यात एकेका मुलाला शेजारी बसवून आपण फक्त ऐकत होता. 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणामुळे अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट हे वाचनाचे स्तर २००५ पासून आपल्याकडे परिचित झाले आहेत, आणि माझ्याकडेही मुलांची नावे त्या स्तरांनुसार लिहिलेली होती. आपण ती यादी पाहिली, तिला नावे ठेवली नाहीत, पण 'शब्द' स्तरावरच्या मुलांच्या नावांपुढे एक नवा रकाना आखला आणि त्यात प्रत्येक मूल नेमके कुठे अडते ते लिहिले. कोणी 'घ' आणि 'ध' यांत गोंधळत होते, कोणाला अक्षराच्या आधी लिहिलेली पहिली वेलांटी उच्चारात मात्र नंतर येते हे अजून उमगलेले नव्हते, तर कोणी पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देत होते. एकाच स्तरावर दिसणारी मुले प्रत्यक्षात निरनिराळ्या ठिकाणी उभी होती, आणि त्यांना एकच सराव देण्यात काही अर्थ नव्हता.

त्यानंतर आलेल्या अर्ध्या कापलेल्या शंभरपानी वह्या आता आमच्या वर्गाची ओळखच झाल्या आहेत. डाव्या पानावर या आठवड्याचे ठरलेले आणि उजव्या पानावर काय जमले ते. डावे पान मुलानेच लिहायचे, शुद्धलेखन चुकले तरी चालेल, हा आपला नियम मला प्रथम पटला नव्हता. पण चौथीतल्या एका मुलाला आपण "तुला कुठं अडतं?" असे विचारले, आणि तो म्हणाला, "वर शेंडी आली की मला येत नाय." रफाराला त्याने दिलेले ते नाव आपण तसेच ठेवले. त्याच्या पहिल्या पानावर 'शेंडीवाले शब्द वाचनार' असे त्याच्याच अक्षरात आजही आहे. 'सूर्य', 'दर्या', 'गर्दी', 'वर्ग' असे शब्द त्याने पाठ्यपुस्तकातून, वर्तमानपत्रातून आणि खताच्या गोणीवरून स्वतः शोधून आणले. पुढच्या आठवड्यात 'प्रकाश' आणि 'चक्र' यांतला र, मग 'ट्रक' आणि 'राष्ट्र' यांतला, आणि शेवटी 'दऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला र, अशी त्या एका अक्षराची चारही रूपे त्याने क्रमाने गाठली. माझ्या शिकवण्याच्या पद्धतीत ही चारही रूपे एकाच तासात फळ्यावर येत असत, आणि बहुतेक मुलांना ती तशीही येतात. ज्यांना येत नाहीत त्यांच्यासाठी मात्र एका आठवड्याला एकच रूप हेच योग्य होते, असे माझे आता ठाम मत आहे.

आपण कधी कोणत्या संशोधनाचा आधार सांगितला नाही, परंतु आपल्या पद्धतीविषयी कुतूहल वाटून मी थोडे वाचन केले. अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात वजाबाकीत फार मागे असलेल्या आणि गणिताची गोडी नसलेल्या मुलांचे गट केले होते. एका गटाला प्रत्येक बैठकीत सहा पाने पूर्ण करण्याचे सुचवले गेले, दुसऱ्याला सात बैठकींच्या अखेरीस ४२ पाने पूर्ण करण्याचे. काम तेवढेच होते. तरीही जवळचे लक्ष्य मिळालेली मुले कौशल्यात, आत्मविश्वासात आणि विषयाच्या गोडीतही पुढे गेली, आणि दूरच्या लक्ष्याचा काही परिणाम दिसला नाही. विषय वजाबाकीचा असला तरी आपल्या वह्यांमागचे तत्त्व हेच आहे. आठवड्यात पोहोचता येईल एवढेच ठरवायचे. सलग दोनदा जमले नाही तर ठरलेले निम्मे करायचे, आणि हे निम्मे करणे मुलाच्या अपयशात मोजायचे नाही. "माप आपण चुकीचं घेतलं, तू नाही चुकलास," असे आपण मुलाला सांगत असलेले मी अनेकदा ऐकले आहे.

वेगाच्या बाबतीत आपण घेतलेल्या निर्णयाचा उल्लेख केल्याशिवाय हे पत्र अपुरे राहील. एका मुलाने मिनिटाला अधिकाधिक शब्द वाचण्याचे ठरवले होते, आणि त्याचा आकडा खरोखर वाढत गेला. वर्गाला त्याचे कौतुक, मलाही समाधान. आपण मात्र त्याला एक परिच्छेद वाचायला सांगून पुस्तक मिटले आणि त्यात काय घडले ते विचारले, तेव्हा त्याला एक वाक्यही सांगता आले नाही. त्याच दिवशी आपण घड्याळ पिशवीत ठेवले आणि त्याच्या सहमतीने ठरलेले बदलले: प्रत्येक परिच्छेदानंतर थांबायचे, कोण होते, कुठे होते आणि काय झाले हे आपल्या बोलीत सांगायचे, आणि सांगता आले नाही तर मागे जाऊन पुन्हा वाचायचे. त्याचा वेग काही आठवडे घसरला. मी अस्वस्थ होते, कारण वाचनाची पडताळणी जवळ आली होती. पण वाचताना काय करायचे हे ठरवून दिले की आकलनाला मदत होते, हे वाचनात कच्च्या मुलांबाबत शंक यांनी पुढे केलेल्या कामातही आढळते. पुढे त्या मुलाचा वेग आपोआप सावरला, आणि आता तो गोष्ट सांगतो तेव्हा मधे थांबवावे लागते.

एका मुद्द्यावर आपले मतभेद झाले आणि ते अजून पूर्ण मिटलेले नाहीत. सर्व मुलांची प्रगती दाखवणारा रंगीत तक्ता भिंतीवर लावावा, असे मी सुचवले होते. आपण ठाम नकार दिला. ज्याचे ठरलेले तीनदा निम्मे झाले आहे त्याने ते सगळ्यांसमोर रोज का पाहावे, हा आपला प्रश्न योग्यच होता. तरीही काही मुलांना एकमेकांच्या वह्या पाहूनच हुरूप येतो, असेही मी पाहिले आहे. सध्या वही कोणाला दाखवायची ते मुलाने ठरवायचे, अशी मधली वाट आम्ही काढली आहे. आपल्याला ती मान्य असेल असे समजते.

वह्यांचा सर्वांत महत्त्वाचा उपयोग ज्या मुलीच्या बाबतीत झाला, तिच्याविषयी थोडक्यातच लिहिते. तिचे ठरलेले पुन्हा पुन्हा निम्मे होत एकेका अक्षरापर्यंत आले, आणि तिची मेहनत उजव्या पानावर स्पष्ट दिसत होती. ती आळशी आहे असे म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यासाठी ती वही पुरेशी होती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून आपण आधी तिचे डोळे आणि कान तपासून घेतले, त्यात दोष निघाला नाही, म्हणून तीच वही घेऊन आपण समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटलात. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचणे-लिहिणे शिकण्यातल्या विशेष अडचणीचा, समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, हे तिच्या आईवडिलांना आपण ज्या शांतपणे आणि त्यांच्या भाषेत समजावले, तसे मला जमले नसते. तिची तपासणी अजून सुरू आहे. ती वाचू लागली आहे असे मी म्हणणार नाही. पण ती शाळेत येते आणि वही स्वतःहून उघडते.

स्थलांतर करणाऱ्या मुलांच्या बाबतीत यश संमिश्र राहिले. वाड्यावर, म्हणजे कळपाच्या मुक्कामावर, जाताना प्रत्येकाने आपले ठरलेले लिहून नेले आणि सोबत दोन-दोन छोटी गोष्टीची पुस्तके नेली. एका मुलीने आजीला रोज एक पान न अडखळता वाचून दाखवायचे ठरवले होते आणि ते पार पाडले. काही वह्या कोऱ्याच परत आल्या, एक पावसात भिजून गेली. कळपामागे दिवसभर चालणाऱ्या मुलाकडून याहून अधिक अपेक्षा ठेवणे मला न्याय्य वाटत नाही, आणि त्यासाठी हंगामी वसतिगृहासारखी व्यवस्थाच हवी.

इतर शाळांतील सहकारी वेळेविषयी विचारतात, म्हणून तेही नोंदवते. एका मुलाबरोबरचे आपले बोलणे पाच मिनिटांपलीकडे सहसा जात नसे, आणि त्या वेळात उरलेला वर्ग मूकवाचन किंवा लेखन करत असे. रोज दोन-तीन मुले घेतली तर आठवड्यात मागे असलेली सगळी मुले होतात. आठवडा चुकला की मात्र वहीतला मुलाचा रस लगेच ओसरतो, हे आपण आजारी असताना लक्षात आले, आणि तेव्हापासून ते काम मी आणि मुख्याध्यापकांनी वाटून घेतले आहे.

जूनमध्ये दुसरी आणि तिसरीत येणाऱ्या मुलांचे व्हरांड्यातले ऐकणे पहिल्या पंधरवड्यातच पूर्ण करायचे आम्ही ठरवले आहे. ऐकताना चुका कशा टिपाव्यात हे मला अजून आपल्याकडून शिकायचे आहे, त्यामुळे त्या दिवसांत सकाळच्या सत्रात आपल्याला येता येईल का, ते कृपया कळवावे. वह्या कापून ठेवण्याचे काम चौथीच्या मुलांनी आताच अंगावर घेतले आहे.

आपली कृतज्ञ,
वर्गशिक्षिका, इयत्ता तिसरी व चौथी