हिमवर्षावानंतरची सकाळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला गुलमर्गच्या स्कीइंगवरचा लेख वाचला. रात्रभर बर्फ पडून सकाळी लख्ख ऊन आले की तिथल्या अफरवट शिखराचे उतार गाठावेत, असा सल्ला त्यात आहे. मी म्हणेन, त्या सकाळी तिकडे फिरकूच नका; हिमस्खलनाचा धोका तेव्हाच मोठा असतो.

पंचवीस वर्षे सह्याद्रीत भटकतोय. आपल्याकडे घसारा पायाला कळतो, शेवाळ डोळ्यांना दिसते. बर्फाचे तसे नाही. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गोंडोलाच्या (तिथल्या रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावर, जवळपास १३,००० फुटांवर, आमच्या काश्मिरी गाईडने आधी फावड्याने कमरेइतका खड्डा खणला. वरचा थर खव्यासारखा घट्ट, तळाचा जाड्या साखरेसारखा. मूठभर दाबून पाहिला. लाडू काही वळेना, सगळे बोटांतून गळाले. जानेवारीत बर्फ थोडे आणि थंडी कडाक्याची असली की तळाशी असे सुटे दाणे होतात. त्यावर दोन-तीन फूट नवे बर्फ म्हणजे साखरेवर ठेवलेली फरशीच. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर (स्कीइंगची मजाही नेमकी तिथेच) ती सुटायला एका माणसाचे वजन पुरते.

आम्ही परतलो. पैसे आधीच भरलेले, त्यामुळे गटातले दोघे दिवसभर फुरंगटून होते.

१ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले, २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्गजवळ एक रशियन. २०१० च्या फेब्रुवारीत तर खिलनमर्गलाच प्रशिक्षण घेणारे लष्कराचे १७ जवान गाडले गेले.

गाडला गेलेला माणूस पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर फारशी आशा उरत नाही. तेवढ्यात खालून मदत येणे कठीण, म्हणजे काढायचे ते सोबत्यांनीच. त्यासाठी बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा कळवणारे संदेशयंत्र), शोधकाठी आणि फावडे प्रत्येकाजवळ हवे. आमच्यातल्या एकाचे भाड्याचे बीकन मुकेच होते. उघडले तर सेल उलटे घातलेले!

लेखाच्या चौकटीत हॉटेलांचे दर आहेत, गोंडोलाचे तिकीट आहे. हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण संस्था देते. ते कुठे पाहायचे, एवढी एक ओळ पुढच्या वेळी त्या चौकटीत बसवावी, ही विनंती.

– एक गिर्यारोहक वाचक, नाशिक