धर्माचे आकडे छापाल तेव्हा वयाचा तक्ताही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होणाऱ्या जनगणनेच्या बातम्या आपल्या अंकात येत आहेत. धर्मनिहाय आकडे जाहीर झाले की पहिल्या पानावर एकच टक्का झळकतो : अमुक समाज इतका वाढला. या वेळी तो टक्का नेहमीपेक्षा जास्त फसवा असेल, कारण मागची जनगणना २०११ ची आहे. मधे दहा नव्हे, सोळा वर्षे गेली.

२००१ ते २०११ या दशकात देशातील मुस्लिम लोकसंख्या २४.६ टक्क्यांनी आणि हिंदू लोकसंख्या १६.८ टक्क्यांनी वाढली. वेग तसूभरही बदलला नाही असे धरले, तरी सोळा वर्षांच्या चक्रवाढीने हेच आकडे सुमारे ४२ आणि २८ होतात. म्हणजे वेग चांगलाच मंदावला असला तरी नवा आकडा जुन्या आकड्याशेजारी ठेवल्यावर वाढ उसळल्यासारखी दिसेल. उपाय सोपा आहे. २०२७ च्या संख्येला २०११ च्या संख्येने भागावे, आलेल्या गुणोत्तराचा ०.६२५ वा घात घ्यावा (दहा भागिले सोळा) आणि त्यातून एक वजा करावा. समजा सोळा वर्षांत ३२ टक्के वाढ दिसली, तर दशकाच्या मापाने ती १९ टक्के भरते. घाताची सोय असलेल्या कॅल्क्युलेटरवर होणारे हे काम बातमी लिहिण्याआधी झालेच पाहिजे.

ही भीती काल्पनिक नाही. १९८१ मध्ये आसामात आणि १९९१ मध्ये जम्मू-काश्मिरात जनगणना झाली नव्हती. २००४ मध्ये २००१ चे धर्मनिहाय आकडे आले, तेव्हा जम्मू-काश्मीर नसलेल्या १९९१ च्या बेरजेशी जम्मू-काश्मीर असलेली २००१ ची बेरीज ताडली गेली आणि मुस्लिम लोकसंख्येची वाढ ३६ टक्के अशी बातमी झाली. हिशेब सारखा केल्यावर ती सुमारे २९ टक्के निघाली. दुरुस्ती आली, पण लोकांच्या डोक्यात बसलेले ३६ काही निघाले नाहीत.

वाढीच्या टक्क्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती धर्म आणि वय एकत्र दाखवणाऱ्या तक्त्यात असते. २०११ च्या मालिकेत तो सी-१५ या क्रमांकाचा आहे. राज्यवार, पाच-पाच वर्षांच्या वयोगटांत, स्त्री-पुरुष वेगळे. तो वाचताना सर्वांत मोठी गफलत होते ती टक्का कशाचा याची. २०११ मध्ये देशातील ४१ टक्के लोक वीस वर्षांखालचे होते, मुस्लिमांमध्ये हे प्रमाण ४७ टक्के, हिंदूंमध्ये ४०, जैनांमध्ये २९. यावरून ‘तरुणांमध्ये ४७ टक्के मुस्लिम’ असे वाक्य तयार होऊन फिरू लागते. ते साफ चूक आहे. १७.२२ कोटींचे ४७ टक्के म्हणजे सुमारे ८.१ कोटी. १२१ कोटींचे ४१ टक्के म्हणजे सुमारे ४९.६ कोटी. भागाकार केला की वीस वर्षांखालील शंभरांत मुस्लिम सोळाच येतात. एकूण लोकसंख्येत तो वाटा १४.२ होता. फरक आहे, आणि तो एवढाच आहे.

हा फरक मुख्यतः मागच्या पिढीच्या जननदराचा, म्हणजे एका स्त्रीला सरासरी किती मुले होतात याचा, आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत (१९९२-९३) मुस्लिम स्त्रियांचा एकूण जननदर ४.४ होता, पाचव्या फेरीत (२०१९-२१) तो २.३६ झाला. हिंदू स्त्रियांचा ३.३ वरून १.९४ वर आला. पण आधी जन्मलेल्या मुली आता आई होण्याच्या वयात आहेत, म्हणून दर घटूनही बाळांची संख्या काही काळ टिकते. खरा कल बघायचा तर प्रत्येक वयोगटात त्या समाजाचा वाटा काढावा आणि ५-९ व १५-१९ हे गट शेजारी ठेवावेत. लहान गटातला वाटा मोठ्या गटाइतकाच असेल, तर अंतर वाढायचे थांबले. ०-४ हा गट यासाठी वापरू नये. तान्ही मुले नोंदीतून सुटतात, त्यामुळे तो गट नेहमीच कमी भरतो.

महाराष्ट्राला या तक्त्याची गरज सर्वांत जास्त आहे ती बौद्ध लोकसंख्येसाठी. देशातील ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख आपल्या राज्यात आहेत. २००१ ते २०११ मध्ये राज्यातील त्यांचा वाटा ६ टक्क्यांवरून ५.८ वर आला. मुले कमी होत आहेत म्हणून, की धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिले जात नाही म्हणून? अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही लागू आहेत, तरी जातीचा दाखला अडेल या धास्तीने ‘हिंदू’ सांगणारी घरे आहेत. याचा निवाडा वयच करू शकते. जन्म घटले असतील तर फक्त तळाचे गट आक्रसतात. नोंद बदलली असेल तर मोठी माणसेही गळतात. आज दहा वर्षांचा असलेला दहा वर्षांनी वीसचा होणारच. तेवढ्या अवधीत ती पिढी मृत्यू आणि स्थलांतर यांपेक्षा जास्त घटली, तर कारण धर्माच्या नोंदीत शोधायचे.

इथेच सोळा वर्षे पुन्हा आडवी येतात. २०११ मध्ये २०-२४ असलेले लोक २०२७ मध्ये ३६-४० असतील, आणि छापील तक्त्यात गट असतील ३५-३९ व ४०-४४. जुळणी होत नाही. त्यात आपल्याकडे वय ‘पस्तीस’, ‘चाळीस’ असे गोळाबेरीज सांगतात. त्यामुळे ३५ आणि ४० वर माणसांचे ढीग लागतात. गट एका वर्षाने सरकला की यातला एक ढीग बाहेर पडतो, दुसरा आत येतो आणि पिढी विनाकारण घटलेली किंवा वाढलेली दिसते. म्हणून जनगणनेचे प्रमुख असलेल्या महानिबंधकांनी धर्मनिहाय माहिती निदान राज्यपातळीवर एकेका वर्षाच्या वयाने द्यावी. २०११ चे धर्माचे आकडे २५ ऑगस्ट २०१५ ला आले आणि वयाचा तक्ता काही महिन्यांनी. तोवर चर्चा होऊन गेली होती. या वेळी दोन्ही एकाच दिवशी यावेत.

परदेशी तक्त्यांचा अर्थ मात्र इकडे लावू नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ ला ख्रिश्चनांचे मध्यम वय (निम्मे लोक ज्याहून लहान आणि निम्मे मोठे असतात ते) ५१, मुस्लिमांचे २७ आणि ‘धर्म नाही’ म्हणणाऱ्यांचे ३२ होते. तिथे हा प्रश्न ऐच्छिक असतो आणि तरुण पिढी मोठ्या संख्येने धर्म सोडल्याचे नोंदवते. आपल्याकडे लेकरांचा धर्म घरातले मोठे सांगतात. त्यामुळे आपला तक्ता प्रामुख्याने जन्म आणि मृत्यू दाखवतो, तरुणांची श्रद्धा नव्हे.

वाचकांनाही विनंती. या वेळी माहिती स्वतः ऑनलाइन भरण्याचीही सोय आहे. वय लिहिताना १ मार्च २०२७ ला पूर्ण झालेली वर्षे लिहावीत, चालू वर्ष नव्हे, आणि जन्मतारीख दाखला बघून द्यावी. धर्म घरातल्या प्रत्येकाचा वेगळा विचारला जातो. कुटुंबप्रमुखाचा धर्म सर्वांना लावू नये. प्रगणकाने आडनावावरून धर्म भरला, तर तिथेच हरकत घ्यावी. जे सांगाल तेच लिहिणे त्याच्यावर बंधनकारक आहे.

आपला,
लोकसंख्याशास्त्राचा एक अध्यापक, पुणे