झेरॉक्सच्या दुकानातल्या ताईंना, जाहीर आभार

ताई,

सातबाऱ्यासाठी दुकानाबाहेरपर्यंत लाइन लागलेली असताना तुम्ही आमच्या वेबसाइटचं बटण पाहायला बसलात. तोंडी आभार मानले त्या दिवशी, पण तेवढ्यानं मन भरलं नाही. म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

पऱ्हाटी (कपाशी), तूर, संत्रा यांची माहिती देणारी ती वेबसाइट. प्रत्येक लेखाखाली एक लाइकचं बटण. बोंडअळीवर नजर ठेवायला हेक्टरी 5 कामगंध सापळे (वासानं नर पतंगांना ओढणारे) लावा, सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग दिसले तर फवारणीचं बघा, हे लिहून होतं. पण कोणा कास्तकाराच्या ते कामी आलं का, हे कळायला त्या बटणाशिवाय दुसरा मार्ग नाही. आणि तेच चालत नव्हतं. दाबलं की चक्री फिरायची, आकडा जागचा हलत नसे.

ज्यांना पैसे मोजून हे काम दिलं होतं, त्यांचं एकच उत्तर होतं: ‘आमच्याकडे तर चालते.’ बटण चालवणारं प्लगइन, म्हणजे वेबसाइटला जोडलेला छोटा प्रोग्राम, तीनदा बदललं त्यांनी. प्रत्येक वेळी एक दिवस चाले, मग बंद. वर दर बदलीत जुने आकडे शून्यावर. शेवटी खेड्यातल्या नेटवर्कवर खापर फोडून मोकळे झाले. याचा राग अजून गेलेला नाही, कारण दोष नेटवर्कचा नव्हताच.

तुम्ही प्लगइनचं नावसुद्धा विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: ‘आज चालते अन् उद्या बंद पडते, असं होते का?’ तिथंच दुखणं सापडलं. आमची वेबसाइट ज्यावर चालते ते वर्डप्रेस प्रत्येक पानासोबत बटणासाठी एक गुप्त चिठ्ठी देतं, तिला नॉन्स म्हणतात. ती 12 ते 24 तासच चालते. पान लवकर उघडावं म्हणून त्याची प्रत साठवणारं दुसरं एक प्लगइन असतं, कॅश प्लगइन. त्यात मात्र साठवलेली प्रत सात दिवस ठेवा, अशी सेटिंग होती. म्हणजे दुसऱ्या दिवसापासून वाचकाला पान मिळे ते मुदत संपलेल्या चिठ्ठीसकट, आणि बटण दाबलं की सर्व्हर 403, म्हणजे ‘परवानगी नाही’, असं देऊन हाकलून लावी. ज्यानं लॉगिन केलंय त्याला कॅशमधली प्रत सहसा दिलीच जात नाही, ताजं पान मिळतं. म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांकडे ते कायम चालायचं. प्लगइन बदललं की कॅश रिकामी होई, म्हणून तो एक दिवसाचा दिलासा. तुम्ही कॅशची मुदत 10 तासांवर आणली, साठलेलं सगळं पुसलं, बस्स.

पण ताई, हे पत्र त्या 10 तासांसाठी नाही.

कोणीही आपल्या कॉम्प्युटरवर एकदा बटण दाबून ‘झालं’ म्हटलं असतं. तुम्ही लाइनीतल्या एका बाबाजींना म्हणालात, ‘बाबाजी, तुमचा मोबाईल द्या बरं एक मिनिट.’ त्यांना तुमची खुर्ची दिलीत, बोंडअळीचं पान उघडलंत आणि मोबाईल त्यांच्याच हातात ठेवून म्हणालात, ‘आता तुम्ही दाबा.’ बटण ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या अंगठ्याखाली ते चालतं का, हे त्याआधी कोणीही पाहिलं नव्हतं. आम्हीही नाही.

बाबाजींचा अंगठा दोनदा शेजारच्या शेअरच्या चिन्हावर पडला. तुम्ही हसला नाहीत, घाई केली नाहीत. बटण केवढंसं होतं ते पाहिलंत, उंची-रुंदी 48 पिक्सेल केलीत, भोवती मोकळी जागा सोडलीत. ‘लाइक’च्या जागी ‘कामी आलं’ असं लिहिलंत, तेही प्लगइनच्या सेटिंगमध्ये. त्याच्या फाइलीत केलेला बदल पुढच्या अपडेटला पुसला जातो, हे बजावून.

मग बाबाजींमागच्या भाऊंनी दाबलं, तर ‘तुम्ही आधीच पसंती दिली आहे’ असं आलं. एका आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एका पत्त्यावरून, एकच लाइक, अशी ती सेटिंग. मोबाईल कंपन्या कितीतरी ग्राहकांना एकाच आयपीमागून बाहेर पाठवतात. गावात एकानं दाबलं की दुसऱ्याची वाट बंद व्हायची. तुम्ही ओळख आयपीऐवजी कुकीवर, म्हणजे वाचकाच्याच मोबाईलमध्ये राहणाऱ्या छोट्या नोंदीवर, ठेवली. कोणी कुकी पुसून दोनदा दाबेल, हेही सांगितलंत. दाबू दे. खऱ्या माणसाला परत पाठवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

जुने आकडे गेले नव्हते, हेही तुमच्यामुळेच कळलं. प्रत्येक प्लगइन आपला आकडा आपल्याच नावाच्या खणात ठेवतं. हे आकडे पोस्टमेटामध्ये, म्हणजे डेटाबेसमधल्या लेखांच्या जादा माहितीच्या तक्त्यात, होते, नवं प्लगइन तिकडे बघतच नव्हतं. तुम्ही आधी डेटाबेसचा बॅकअप घेतला, मगच ते नव्या खणात हलवले. असा बॅकअप आधीच्यांनी एकदाही घेतला नव्हता.

पैसे विचारले तर सेटिंग लिहिलेल्या कागदाच्या झेरॉक्सचे दोन रुपये घेतलेत. लाइनीतलंही कोणी कुरकुरलं नाही. एकानं पंख्याचं तोंड तुमच्याकडे वळवलं. त्या सगळ्यांचेही आभार.

आणि ते बाबाजी पुन्हा दुकानात आले तर त्यांना एवढं सांगा, दुरुस्तीनंतर बोंडअळीच्या लेखाखाली वाढलेला पहिला आकडा त्यांचा आहे.