दुर्लक्षित इमारतींचीही छायाचित्रे हवीत

संपादक महोदय,

लहान गावांची छायाचित्रे काढणारे हौशी कलावंत बहुधा स्मारके, उत्सव आणि सूर्यास्त यांतच रमतात. बंद पडलेले चित्रपटगृह, पाण्याची टाकी, रंग उडालेल्या पाट्या किंवा बसथांब्यावर ताटकळणारी माणसे मात्र टिपण्याजोगी वाटत नाहीत, आणि एखादी इमारत पाडली गेल्यावरच तिचे एकही छायाचित्र नसल्याचे ध्यानात येते. फ्रेंच छायाचित्रकार युजीन आत्जे यांनी १९२७ मधील निधनापर्यंत सुमारे तीन दशके पॅरिसमधील जुन्या गल्ल्या, जिने आणि दुकानांचे दर्शनी भाग चिकाटीने टिपले, तर बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या व भट्ट्या ढगाळ, समतोल प्रकाशात, एकाच शिस्तीने चित्रित केल्या. हीच शिस्त मला अनुकरणीय वाटते. कॅमेरा समपातळीत धरला म्हणजे भिंतींच्या उभ्या रेषा कलत नाहीत. फिल्टरचा मोह मात्र (तो हल्ली फारच बोकाळला आहे) आवरावा, कारण त्यामुळे भिंतीचा मूळ रंगच हरवतो. माणसे ओळखू येत असल्यास त्यांची संमती घ्यावी. प्रत्येक छायाचित्रासोबत ठिकाण आणि तारीख नोंदवून त्याची एक प्रत स्थानिक ग्रंथालयाकडे सोपवावी, आणि ग्रंथालयांनीही ती आनंदाने स्वीकारावी.

— एक वाचक