स्लॅब टाकायच्या आधी: दिन्याला पत्र

पुणे,
12 जानेवारी

प्रिय दिन्या,
सप्रेम नमस्कार.

घराचा नकाशा मिळाला. चिऱ्याच्या भिंती जोत्याच्या वर आल्यात, फेब्रुवारीत स्लॅब टाकणार, हे वाचून बरं वाटलं. कुडाळात स्वतःचं घर होतंय म्हणजे आता आम्हाला सुट्टीची काळजी नाही!

तू विचारलंयस, "होम थिएटरला स्पीकर पाच घेऊ की सात, आणि कुठल्या कंपनीचे?" कंपनीचं नंतर बोलू. आधी गवंड्याला थोडं थांबव. नकाशात मागच्या अंगाला 'टीव्ही रूम' म्हणून 12 बाय 12 ची खोली आहे ना, ती मला खटकतेय. उंची 10 फूट लिहिलीयस, ती ठीक.

खर्जातल्या आवाजाच्या लाटा लांबलचक असतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतरात ज्या लाटेची अर्धी लांबी नेमकी मावते, तो स्वर त्या खोलीत फुगतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर आणि 12 फूट म्हणजे 3.66 मीटर, म्हणून तुझ्या खोलीत हा फुगवटा 47 हर्ट्झच्या (सेकंदाला 47 कंपनांच्या) आसपास येणार. खोली चौरस असल्याने लांबीचा आणि रुंदीचा, दोन्ही फुगवटे एकाच ठिकाणी. मग भिंतीपाशी बसलेल्याला ढोलाचा ठोका नको इतका घुमणार आणि खोलीच्या मध्यावर बसलेल्याला तो जवळजवळ ऐकूच येणार नाही. पुढे कितीही महागडं यंत्र आणलंस तरी हे पूर्ण जात नाही, कारण दोष भिंतींचा आहे. एक भिंत तीन फूट सरकव आणि खोली 12 बाय 15 कर. मग लांबीचा आकडा 37 च्या आसपास, रुंदीचा 47, उंचीचा 56, असे तिघे वेगवेगळे होतील. स्टोअररूम थोडी लहान झाली तर वहिनी रागावतील, पण त्यांच्याशी मी बोलतो.

आता वायरी. स्लॅबच्या सळया बांधून झाल्या की वायरमनला बोलाव आणि काँक्रीट पडायच्या आधी पाइप टाकून घे. टीव्हीच्या भिंतीपासून मागच्या दोन स्पीकरांपर्यंत, सबवूफरसाठी (फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर) पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत, आणि छतात दोन जंक्शन बॉक्स, सोफ्यावर बसल्यावर डोक्याच्या किंचित पुढे येतील असे. छतातले स्पीकर तू आत्ता घेऊ नकोस. डोक्यावरून आवाज येणारं डॉल्बी अ‍ॅटमॉस 2012 साली थिएटरांत आणि 2014 मध्ये घरांत आलं, आणि पावसाच्या किंवा हेलिकॉप्टरच्या प्रसंगात ते खरोखर मजा आणतं. पण ती मजा दोन वर्षांनी घेतली तरी चालेल. रिकामा पाइप मात्र आजच टाकावा लागेल. नंतर झिरी मारत बसलास तर चिऱ्याच्या भिंतीत काय धूळ उडते ते तुला सांगायला नको.

पाइपात काटकोनी एल्बो घालू देऊ नकोस, वळणदार बेंड घालायला सांग. आत नायलॉनची दोरी सोडून ठेव. प्रोजेक्टर लावायचा विचार असेल तर त्याचा पाइप एचडीएमआयच्या केबलचं डोकं सहज जाईल इतका रुंद हवा. वायर जाते आणि डोकं अडकतं, हे नेहमीचं आहे. स्पीकरच्या वायरी विजेच्या वायरींना लगटून नेऊ नयेत. ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडाव्यात.

वायर शुद्ध तांब्याची, 2.5 चौरस मिलिमीटर. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर 'स्पीकर केबल' म्हणून सर्रास मिळते. एक तार नखाने किंवा ब्लेडने खरवडून बघ, आतून पांढरी निघाली तर परत दे. तुमच्या दमट हवेत तसल्या वायरीची टोकं लवकर खराब होतात. मी इथे तपकीर गल्लीतून चांगलं बंडल आणू शकतो. आणि हजारो रुपये मीटरच्या 'ऑडिओफाइल' वायरी आवाज उजळवतात असं कुणी सांगितलं, तर त्याला चहा पाजून वाटेला लाव.

स्पीकर पाच की सात? 12 बाय 15 मध्ये पाच. सातातले शेवटचे दोन पाठीमागे असतात आणि त्यांना सोफ्यामागे बऱ्यापैकी जागा लागते, ती तुझ्याकडे नाही. सोफाही मागच्या भिंतीला टेकवू नकोस, तीन फूट तरी पुढे घे, कारण भिंतीपाशी खर्ज जमा होतो. पुढचे डावे-उजवे स्पीकर तुझ्या नाकासमोरच्या रेषेपासून 30 अंशांवर आणि सराउंडचे (मागचे) दोघे 110 अंशांच्या आसपास, म्हणजे कानांच्या थोडेसे मागे आणि कानांहून जरा वर. लोक ते पार मागच्या कोपऱ्यात छताला टांगतात आणि मग म्हणतात, सराउंड जाणवतच नाही.

या सगळ्यात मी सर्वात जास्त जीव लावीन तो मधल्या स्पीकरला. आप्पांची तक्रार तूच लिहिलीयस की "गाणी मोठ्याने आणि बोलणं तोंडातल्या तोंडात." पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, शब्द भिंतीवरून आपटून येतात. पाच-पॉइंट-एकच्या (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) चित्रपटात बहुतेक संवाद मधल्या चॅनेलवर असतात. तो स्पीकर चांगला असला आणि त्याची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवली, तर आप्पांना शब्द कळतील आणि शेजारच्या खोलीत नातीचा अभ्यासही चालू राहील. हे प्रकरण जुनं आहे. अ‍ॅलन ब्लमलाइन नावाचा इंग्लिश इंजिनिअर 1931 साली बायकोबरोबर सिनेमाला गेला होता, आणि नट पडद्याच्या एका टोकाला असताना आवाज दुसरीकडून येतोय हे त्याला खटकलं, असं सांगतात. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने स्टिरिओच्या पेटंटचा अर्ज केला. पुढे 1933 मध्ये अमेरिकेत बेल लॅब या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेने फिलाडेल्फियातल्या वाद्यवृंदाचा आवाज तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तेव्हा रंगमंचावर स्पीकर होते तीन: डावा, मधला, उजवा. दूर बाजूला बसलेल्यालाही गाणारा मधोमध वाटावा, म्हणून मधला. तुझ्याकडे सोफ्याच्या टोकाला बसणारे कोण, तर आप्पाच.

म्हणून सुताराला आत्ताच सांग, टीव्ही युनिटमध्ये मधल्या स्पीकरसाठी बंद खण करायचा नाही. खणात कोंबलेला स्पीकर घुमतो. तो फळीच्या अगदी कडेला यावा आणि तोंड किंचित वर, बसलेल्या माणसाच्या कानाकडे. पुढचे तिघे एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घे, नाहीतर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच तिचं इंजिन बदलल्यासारखं वाटतं.

वॅटच्या आकड्यांना भुलू नकोस. आठवतं, आपल्या कॉलेजच्या दिवसांत टू-इन-वनवर '1000 वॅट पीएमपीओ' (क्षणभराची फुगवलेली ताकद) लिहिलेलं असायचं आणि आत चार बोटांचा स्पीकर? तो आकडा आता गेला, वृत्ती राहिली. रिसिव्हरच्या, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या यंत्राच्या, खोक्यावर 140 वॅट लिहिलेलं असेल तर खालची बारीक अक्षरं वाच. बरेचदा तो आकडा एकच चॅनेल चालू ठेवून, तोही बऱ्यापैकी विकृती चालवून घेऊन मोजलेला असतो. दोन चॅनेल चालू असताना, 8 ओहमवर, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झपर्यंत किती, ते बघ. 70-80 खरे वॅट तुला पुष्कळ आहेत. 87 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर 87 डेसिबल देतो. रोजच्या गप्पा साठेक डेसिबलच्या असतात, म्हणजे बातम्या ऐकताना तू एक वॅटसुद्धा वापरत नसतोस. आवाज फक्त 3 डेसिबलने वाढवायला मात्र दुप्पट ताकद लागते, म्हणून 80 च्या जागी 100 वॅटसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

सबवूफर एकच घे, पण बरा घे. आणि रिसिव्हरच्या मेनूत सगळे स्पीकर 'स्मॉल' करून 80 हर्ट्झच्या खालचं सगळं त्याच्याकडे पाठव. 'स्मॉल' हा शब्द वाचून स्पीकरचा अपमान झाल्यासारखं वाटून घेऊ नकोस. 80 च्या खालचा आवाज कुठून येतो ते कानाला सहसा कळत नाही, म्हणून सबवूफर पुढे कुठेही ठेवता येतो. कुठे ठेवायचा हे शोधायची रीत गमतीशीर आहे: सबवूफर सोफ्यावर, तुझ्या बसायच्या जागी ठेवायचा, खर्जाचं काहीतरी लावायचं आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे आवाज भरीव पण आखीव वाटेल ती त्याची जागा. वहिनींना आधी कल्पना दे.

तपासायला स्फोट लावू नकोस, स्फोट कुठल्याही यंत्रावर बरा वाटतो. तंबोरा लाव. काळी एक या पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज साधारण 69 हर्ट्झ, म्हणजे त्याचा पाया सबवूफरमध्ये आणि वरची सगळी जवारी, म्हणजे तारांचा झंकार, पुढच्या स्पीकरांत. दोन्ही एकाच भोपळ्यातून आल्यासारखं वाटलं तर जुळणी झाली. खर्ज कोपऱ्यात आणि जवारी टीव्हीजवळ असं झालं तर सबवूफरची पातळी आधी उतरव.

रिसिव्हरसोबत एक छोटा मायक्रोफोन मिळतो. तो हातात धरायचा नाही, सोफ्याच्या पाठीवरही ठेवायचा नाही. कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर कानाच्या उंचीला ठेवायचा, पंखा बंद, सगळ्यांना गप्प बसवायचं. यंत्र प्रत्येक स्पीकरातून खुळखुळ आवाज काढून अंतर मोजतं आणि जवळच्या स्पीकरला थोपवून धरतं, 34 सेंटिमीटरला एक मिलिसेकंद या हिशेबाने. पण खोली मोकळी आणि टणक असेल तर यंत्रही फार काही करू शकत नाही. तुझ्याकडे गुळगुळीत गिलावा, व्हिट्रिफाइड टाइल्स आणि अंगणाकडे मोठी काच आहे. टाळी वाजवून बघशील तेव्हा टणत्कार ऐकू येईल. खाली जाड गालिचा, काचेला जाड चुण्यांचा पडदा, बाजूच्या भिंतीला आप्पांच्या पुस्तकांची मांडणी. मागच्या भिंतीला लाकडी चौकटीत दोन इंची रॉकवूल (दगडी लोकर) भरून वर कापड. पिंजाऱ्याकडची कापसाची गादीही चालली असती, पण तुमच्या पावसाळ्यात तिला बुरशी येईल. आणि अंड्याचे ट्रे लावायचे नाहीत. त्याने काही होत नाही, खोली फक्त पोल्ट्रीसारखी दिसते.

जुनं काही स्वस्तात मिळत असेल तर वूफरच्या कडेला बोट लावून बघ. फोमची कड पंधरा-वीस वर्षांत भुसभुशीत होऊन गळते, रबराची टिकते. मीटरभर अंतरावरून दोन्ही सारख्याच दिसतात.

पैशांचं म्हणशील तर तू ठरवलेल्या दीड लाखातले निम्मे पुढच्या तिघांवर, उरलेल्यात रिसिव्हर आणि सबवूफर, मागच्या दोघांवर सगळ्यात कमी. तेवढं एकदम जमत नसेल तर आधी रिसिव्हर आणि पुढचे दोघेच आण, बाकीचे एकेक करून. घेण्याआधी दुकानात तुझ्या ओळखीचं गाणं लावून ऐक. त्यांच्या डेमोवर जाऊ नकोस. टीव्हीची एआरसी लिहिलेली एचडीएमआय (टीव्हीचा आवाज बाहेर देणारी) रिसिव्हरला जोडलीस की ओटीटीचा आवाज आपोआप तिकडे जाईल. कुठला चित्रपट 5.1 मध्ये आहे आणि कुठला साध्या स्टिरिओत, ते त्या अ‍ॅपमध्येच लिहिलेलं असतं.

आप्पांच्या नाट्यगीतांविषयी मात्र ऐक. त्यातली जुनी ध्वनिमुद्रणं मोनो आहेत, एकाच वाहिनीची. रिसिव्हरला पाचही स्पीकरांतून ती पसरायची हौस असते आणि ऑर्गन पाठीमागून वाजू लागतो. ते बटण बंद कर, 'स्टिरिओ' ठेव. गवई समोर, मधोमध बसेल. रिमोटवर त्या बटणाला लाल टिकली चिकटवून दे आणि आप्पांना सांग, गाणं ऐकायचं असेल तर ही.

भिंत सरकतेय की नाही ते गवंड्याशी बोलून या आठवड्यात कळव. होकार आला की वायरीचं बंडल आणि बनाना प्लग (वायरीच्या टोकाला लावायचे) घेऊन मी स्लॅबच्या आधी एक शनिवार येतो, पाइप कुठे हवेत त्या खुणा दोघं मिळून करू. आप्पांना नमस्कार, वहिनींना स्टोअररूमबद्दल आगाऊ माफी, चिमीला आशीर्वाद.

तुझा,
अवि

ता. क. खोलीला चांगलं अर्थिंग घे आणि सर्ज प्रोटेक्टर लाव. तरीसुद्धा मे महिन्यात किंवा परतीच्या पावसात वीज कडाडायला लागली की प्लगही काढायचा आणि डिशची केबलही. केबल विसरतात लोक, आणि वीज तिथूनही आत येते. स्पीकरांतून सतत गुणगुण येत असेल तेव्हाही आधी ती केबल काढून बघ, बहुतेकदा गुणगुण तिथलीच असते.