मनू, ते घड्याळाचं परत सांग

प्रिय मनू,

आयेल्ट्स, म्हणजे त्या इंग्लिशच्या परीक्षेच्या, स्पीकिंगच्या सरावाचं तुझं रेकॉर्डिंग ऐकलं. तू लिहिलंस की "बाबा फक्त पहिली दोन मिनिटं ऐका, पुढचं उडवून टाका", पण मी कसला उडवतोय, फाइल साडेचार मिनिटांची होती, सगळी ऐकली. तू रेकॉर्डर बंद करायचा विसरलीस आणि तेच बरं झालं, कारण मला जे सांगायचंय ते त्या विसरलेल्या भागामुळेच सुचलं.

रेकॉर्डिंगचा पहिला भाग म्हणजे परीक्षेत विषयाचं जे कार्ड देतात, तसल्या कार्डवरचं तुझं उत्तर. घरातली एखादी जुनी वस्तू, आणि तू आजोबांचं मनगटी घड्याळ घेतलंस. एक मिनिट बावन्न सेकंद, कुठेही अडखळली नाहीस, ग्रामर स्वच्छ. पण 'इमेन्स सेंटिमेंटल व्हॅल्यू' काय, 'प्लेथोरा ऑफ मेमरीज' काय, अगं हे कोण बोलतंय? मला डोळ्यासमोर तू दिसेचना, वहीतलं पान दिसत होतं. सगळी वाक्यं एका पट्टीत, आणि श्वास कुठे घ्यायचा तेही ठरवून ठेवल्यासारखं.

मग तुझी मैत्रीण विचारते की त्या घड्याळाचं पुढे झालं काय, आणि तू खो खो हसत इंग्लिशमध्येच सांगायला लागतेस, की तू नऊ वर्षांची असताना सुरीच्या टोकाने त्याचं मागचं झाकण उघडलंस, आतलं काहीतरी टपकन् फरशीवर पडलं, "नो नो वेट, नॉट स्क्रू, दॅट टायनी टायनी व्हील", आणि ते तू पावडरच्या डब्यात लपवलंस. दोन ठिकाणी टेन्स घसरला, एकदा शब्द आठवला नाही तर "द थिंग यू टर्न विथ टू फिंगर्स" म्हणून वेळ मारून नेलीस. पण मनू, ते ऐकताना मला घड्याळ दिसलं. काचेवरचा तो आडवा ओरखडासुद्धा दिसला, जो तू पहिल्या उत्तरात सांगितलाच नाहीस. परीक्षेत हे दुसरं उत्तर द्यायचंय तुला, माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी पत्र त्याचाच पसारा.

आता तू म्हणशील बाबांना आयेल्ट्समधलं काय कळतं. खरंय, मी काही दिलेली नाही, पण गेले आठ दिवस रात्री वाचत बसलोय. स्पीकिंग एकूण 11 ते 14 मिनिटांचं, तीन भाग, कार्ड दुसऱ्या भागात. कार्डावर विषय, खाली काय काय सांगायचं ते तीन मुद्दे आणि शेवटी एक 'का ते सांगा' टाइपचं. तयारीला 1 मिनिट, कागद-पेन्सिल ते देतात, मग 1 ते 2 मिनिटं एकटीने बोलायचं. मार्क चार गोष्टींना सारखे: ओघ आणि सुसूत्रता, शब्दसंपदा, ग्रामर, उच्चार. या चारात 'भारी विचार' कुठेच नाही आणि 'खरं बोललात का' हेही नाही, ते भाषा तपासतात. त्यामुळे घड्याळापेक्षा थोर विषय शोधत बसू नकोस. आणि पाठ केलेलं उत्तर एक्झामिनरला ओळखू येतं, त्यांना तेच ओळखायचं ट्रेनिंग असतं, आणि मग त्या पाठ केलेल्या वाक्यांचा तुला फायदा होत नाही, उलट नुकसानच. मला तर ट्रेनिंगशिवाय पहिल्या दहा सेकंदांत कळलं.

पाठांतराचं माझं दुःख तुला माहीत नाही. नोकरीला लागून वर्ष झालं असेल, साहेबांपुढे पाच मिनिटं इंग्लिशमध्ये बोलायचं होतं, मी अख्खं भाषण घोकलं, अगदी 'थँक यू'सकट. चौथ्या वाक्याला एकाने मध्येच साधा प्रश्न विचारला, हे किती दिवसांत होईल. मला उत्तर येत होतं गं! पण मी थांबलो, घाम फुटला, आणि मी परत 'गुड मॉर्निंग एव्हरीवन'पासून सुरू केलं. लोक हसले नाहीत, ते जास्त वाईट होतं. सो, घोकलेल्या माणसाला मधून सुरू करता येत नाही हे मी स्वतःवरून सांगतोय.

त्या एका मिनिटाचं तू काय करतेस ते मला कागदाच्या फोटोवरून कळलं. तू वाक्यं लिहितेस! 'दिस वॉच वॉज गिफ्टेड टू माय ग्रँडफादर बाय' आणि मिनिट संपलं, कागदावर एक वाक्य, तेही अर्धं. फक्त शब्द लिही. सात-आठ. ओरखडा, सुरी, फरशी, चाक, पावडर, आजोबा गप्प, अजून बंद. मराठीत लिहिलेस तरी चालतील, तो कागद कोणी तपासत नाही, पण इंग्लिशमध्ये लिहिलेस तर बोलताना डोक्यात भाषांतर कमी होईल, म्हणून तेच बरं. कार्ड समोरच असतं, त्यामुळे त्यावरचे मुद्दे परत उतरवू नकोस. आणि शेवटचा 'का' वाला मुद्दा आधी ठरव, कारण तिथेच बहुतेकांची गाडी पंक्चर होते, दीड मिनिट घड्याळाचा रंग सांगत बसतात आणि मग 'इट इज व्हेरी इम्पॉर्टंट फॉर मी' म्हणून संपवतात. तुझ्याकडे तर 'का' आयतं आहे, आजोबा ओरडले नाहीत, त्यांनी ते बंद घड्याळ तसंच घातलं.

आता आपल्या मराठी लोकांच्या खास चुका, कारण त्या तुझ्यातही आहेत आणि माझ्यात तर ठासून. एक म्हणजे आपण गोष्ट रंगली की वर्तमानकाळात जातो, "मग आजोबा येतात, घड्याळ बघतात, काही बोलतच नाहीत". मराठीत ते झकास वाटतं, तू पण 'ही कम्स, ही लुक्स' केलंस आणि लगेच 'ही सेड नथिंग'वर आलीस, अशी धरसोड झाली की ग्रामरमध्ये खटकतं. भूतकाळ धरलास तर धरूनच ठेव. दुसरं, 'टुडे मॉर्निंग', हे आपलं 'आज सकाळी', तिथे 'धिस मॉर्निंग' हवं. 'वन ऑफ माय फ्रेंड' म्हणालीस, शेवटचा 'स' खाल्लास. आणि आपला एकच 'व' दोन अक्षरांचं काम करतो, त्यामुळे तुझं 'व्हील' आणि 'व्हॅल्यू' एकाच 'व'ने सुरू होतात. 'व्हील'ला ओठ गोल कर, 'व्हॅल्यू'ला वरचे दात खालच्या ओठाला लाव, आरशासमोर पाच मिनिटं कर, दिसेल तुला. अ‍ॅक्सेंट मात्र बदलायला जाऊ नकोस प्लीज, गोऱ्यांसारखं बोलायला मार्क नाहीत, समोरच्याला नीट कळण्याला आहेत. तुझ्या त्या पहिल्या भागातला अ‍ॅक्सेंट कुठून आला देव जाणे.

चुकलीस तर मध्येच सुधारून पुढे जा, एखाद्या वेळी चालतं. तू मात्र 'सॉरी सॉरी' म्हणून वाक्य पहिल्यापासून म्हणतेस, ती सवय तोड. आणि एक्झामिनर मान हलवेल, हसेल असं धरून चालू नकोस, मध्ये मदतही करणार नाही, त्याला ठरलेल्या चौकटीतच बोलायचं असतं. दोन मिनिटं झाली की वाक्याच्या मध्यातही थांबवतील, ते वाईट नाही, उलट तुझ्याकडे बोलायला अजून होतं असा अर्थ. मग त्यावर एखाद-दोन छोटे प्रश्न येतील आणि तिसऱ्या भागात त्याच विषयावर जरा मोठी चर्चा, लोक जुन्या वस्तू का जपतात वगैरे, तिथे घोकंपट्टी तशीही उपयोगाची नाही.

विषय कुठला येईल माहीत नाही म्हणून तू पन्नास उत्तरं लिहायला घेतलीयेस म्हणे. कशाला? तुझ्या अशा आठ-दहा खऱ्या गोष्टी काढ आणि वळवायची प्रॅक्टिस कर. घड्याळाची गोष्ट 'तुम्ही केलेली चूक'ला चालते, 'ज्या माणसाबद्दल आदर वाटतो'ला चालते, 'लहानपणची आठवण'ला तर चालतेच. फक्त कार्डात जे विचारलंय तिथून सुरू कर, आदराचं कार्ड असेल तर आधी आजोबा, सुरी नंतर.

रविवारी रात्री नऊला फोन कर. कार्डं मी काढून ठेवतो, तुला आधी सांगणार नाही, मोबाइलवर टायमर लावू. आई एक्झामिनर होणार आहे, न हसता बसायची प्रॅक्टिस तिने कालपासून सुरू केलीये, पण पावडरच्या डब्यापर्यंत टिकेल असं काही मला वाटत नाही.

तुझा,
बाबा